गोल्फची सहल, सगळ्या घरासाठी

घरात एकाला गोल्फचे वेड लागले, की बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. रविवारची सकाळ हातची जाते, कपाटाचा एक कोपरा काठ्यांच्या झोळीने अडतो आणि जेवणाच्या टेबलावर 'सातव्या होलवर चेंडू पाण्यात कसा गेला' याची हकीकत तिसऱ्यांदा ऐकावी लागते. एवढ्यावर भागले तर ठीक. पण आता खेळणाऱ्यांचे गट करून गोल्फच्या सहली निघू लागल्या आहेत. दहा-बारा मित्र, चार-पाच दिवस, दोन-तीन गावची मैदाने. मग घरातली खरी कुरकुर सुरू होते. वर्षाकाठी मिळणारी मोजकी रजा अशी एकट्याने खर्च करायची? आणि सोबत गेलेच, तर नवरा चार तास मैदानावर असताना बायको-मुलांनी हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघत बसायचे का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सहलीचा बेत आखतानाच सापडते. दोन गोष्टी जमवल्या, तर गोल्फची सहल सगळ्या घराची होऊ शकते. पहिली, गोल्फचे मैदान हे न खेळणाऱ्यालाही पायी फिरून पाहण्यासारखे ठिकाण आहे हे ओळखणे. दुसरी, मैदान असे गाव निवडणे, की दुपारनंतर सगळ्यांना मिळून काहीतरी पाहता येईल. मराठी माणसासाठी अशा गावांत झाशीचे नाव अगदी वर घालावे लागेल.

मैदान की बाग?

गोल्फची मैदाने ढोबळमानाने दोन जातींची. पहिली 'लिंक्स', म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या उंचवट्यांवरची. गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या अशा किनाऱ्यांवर. तिथे झाड औषधालाही मिळत नाही. वारा, वाळू आणि खुरटे गवत. 1457 साली स्कॉटलंडच्या संसदेने या खेळावर बंदी घातली होती, कारण तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावू लागली होती. म्हणजे गोल्फवर चिडलेल्या माणसांची परंपरा साडेपाचशे वर्षांहून जुनी आहे!

दुसरी जात 'पार्कलँड'. नावाप्रमाणेच ही उपवनासारखी. मोठमोठी झाडे, मधून गेलेले हिरवळीचे पट्टे, एखादे तळे, एखादा ओढा. ही जात जन्माला आली ती एका यंत्रामुळे. किनाऱ्यावरचे गवत मेंढ्या आणि ससे चरून आखूड ठेवत. देशावर, सुपीक जमिनीत गवत गुडघ्याएवढे वाढे आणि चेंडू हरवे. 1830 साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापण्याचे यंत्र तयार केले. पुढे अशी यंत्रे सुधारली, रेल्वे आली आणि समुद्रापासून दूर, शहरांच्या कडेला झाडीतली मैदाने होऊ लागली.

हिंदुस्थानात मात्र हा खेळ त्याआधीच येऊन पोचला होता. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना 1829 सालची. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा हा सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासूनचा, तर ताडदेवच्या भरवस्तीतल्या विलिंग्डन क्लबचे मैदान त्याहून थोडे जुने. पुण्यात येरवड्याला, विमानतळाच्या रस्त्यावर गोल्फचे मैदान आहे. ही सारी मैदाने झाडांनी भरलेली आहेत.

या मैदानांतली एक गंमत बऱ्याच खेळाडूंनाही ठाऊक नसते. आपल्याकडच्या गोल्फच्या मैदानावर जे गवत असते त्याला खेळाडू 'बर्म्युडा' म्हणतात. नाव ऐकून ते सातासमुद्रापलीकडून आले असावे असे वाटते. पण ही आपली दूर्वाच. शेतकरी जिला हरळी म्हणून शिव्या देतो, कोळपून कोळपून थकतो, तीच ही. तुडवली तरी मरत नाही, कापली की जमिनीसरशी पसरते, उन्हाने पिवळी पडली तरी पहिल्या पावसाला पुन्हा हिरवी होते. गणपतीला एकवीस जुड्या वाहायच्या त्या दूर्वेवर आणि तिच्या संकरित जातींवर हा सारा खेळ चालतो. मुलांना सोबत नेले असेल तर हे जरूर दाखवावे.

अठरा होलांची परिक्रमा

पूर्ण मैदानाला अठरा 'होल' असतात. प्रत्येक होलची सुरुवात 'टी' नावाच्या सपाट चौथऱ्यावरून होते आणि शेवट 'ग्रीन'वर, म्हणजे मखमलीसारख्या आखूड गवताच्या तुकड्यावर. तिथे झेंडी रोवलेली खळी असते. तिची रुंदी जेमतेम 10.8 सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या वाटीएवढी. चेंडू साडेचार सेंटिमीटरही रुंद नसतो, वजन 46 ग्रॅमच्या आत. तो दीड-दोनशे, कधी पाचशे मीटर लांबून मोजक्या फटक्यांत त्या वाटीत घालायचा. मधला कापलेला पट्टा म्हणजे 'फेअरवे', कडेचे वाढलेले गवत म्हणजे 'रफ' आणि वाटेत मुद्दाम खणलेले वाळूचे खड्डे म्हणजे 'बंकर'. कसबी खेळाडूला एका होलसाठी जेवढे फटके पुरावेत असे मानले जाते, त्या आकड्याला 'पार' म्हणतात. अठरा होलांचे मिळून ते बहुधा 72 असतात.

चारजण मिळून ही फेरी पुरी करायला चार ते साडेचार तास लागतात आणि सात-आठ किलोमीटर चालणे होते. न खेळणाऱ्याने सगळी फेरी करण्याची गरज नाही. पहिले नऊ होल चालून झाले, की मैदान बहुधा पुन्हा क्लबच्या इमारतीपाशी येते. तिथे थांबून चहा घ्यावा. दोन तासांचे हे चालणे म्हणजे एरवी शहरात दुर्मीळ झालेला मोकळा फेरफटका असतो.

पाहण्यासारखे पुष्कळ असते. कडुनिंब, जांभूळ, शिरीष, बहावा, पळस ही झाडे एकेकटी, पूर्ण वाढलेली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसतात. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. मैदानावर तिचे घरटे सापडले, की समजूतदार माळी त्याभोवती खुणेच्या काड्या रोवतात आणि तिथून यंत्र फिरवत नाहीत. तळ्याकाठी बगळे आणि खंड्या, तारेवर वेडे राघू, गवतात किडे वेचणारा हुदहुद. दिल्लीच्या गोल्फ क्लबमध्ये तर मोर आणि जुन्या कबरींचे घुमट चेंडूच्या वाटेवर उभे असतात. मुलांच्या हाती दुर्बीण आणि वही दिली, तर ती फेरी संपेपर्यंत कंटाळत नाहीत.

मात्र सोबत चालणाऱ्याने काही रीत पाळावी लागते. आधी क्लबकडून परवानगी घ्यावी. काही ठिकाणी लहान मुलांना मैदानावर नेऊ देत नाहीत. कोणी फटका मारत असताना बोलू नये, हलू नये आणि त्याच्या अगदी मागे किंवा पुढे उभे राहू नये. चेंडू मारणाऱ्याच्या पुढे चालत जाणे तर धोक्याचेच. कुठूनही 'फोर!' अशी आरोळी आली, की वर पाहायचे नाही. डोके हातांनी झाकून पाठ फिरवायची. ग्रीनवर टाचांच्या चपला घालून जाऊ नये, कारण तिथले गवत रोज तीन-चार मिलिमीटरवर कापलेले असते आणि टाचेचा खड्डा पुढच्या खेळाडूचा चेंडू वळवतो. एवढे सांभाळले, तर न खेळणारा माणूस अडचण होत नाही. उलट झाडीत गेलेला चेंडू शोधायला त्याचेच डोळे कामी येतात.

छावणीच्या फाटकातून

आता झाशीकडे वळू. झाशी हे रेल्वेचे मोठे जंक्शन आणि तितकीच मोठी लष्करी छावणी. 1858 च्या लढाईनंतर इंग्रजांनी शहर आणि किल्ला शिंद्यांकडे सोपवला होता. 1886 साली ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत देऊन त्यांनी झाशी पुन्हा आपल्या हाती घेतली. अशा छावण्यांतून साहेबाचे सगळे खेळ रुजले: पोलो, हॉकी, क्रिकेट आणि गोल्फ. हॉकीने तर झाशीत घरच केले. ध्यानचंद लष्करात शिपाई म्हणून दाखल झाले, वाढले ते झाशीत आणि 1979 साली त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेही झाशीच्या मैदानावरच.

उत्तरेतल्या छावण्यांत पूर्वी गोल्फ खेळला जाई तो बहुधा हिरवळीवर नव्हेच. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, विहिरी आटतात, अशा प्रदेशात ग्रीन राखणार कोण? म्हणून खळीभोवती बारीक वाळू पसरून तिच्यावर तेल शिंपडत आणि फळीने ती सपाट करत. या तेलकट वाळूच्या गोलाला 'ग्रीन'ऐवजी 'ब्राऊन' म्हणत. प्रत्येक गट खेळून गेला, की एखादा पोऱ्या फळी ओढून पावलांचे ठसे पुसून टाकी. आज हिरवीगार मैदाने दिसतात ती पंप, पाइप आणि फवाऱ्यांच्या जोरावर.

हा हिशेब सहलीला जाणाऱ्यानेही मनात ठेवावा. बुंदेलखंड हा वारंवार दुष्काळ सोसणारा भाग आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राजांनी तलाव बांधले ते उगीच नव्हे. अशा ठिकाणी खेळाच्या गवताला पिण्याचे पाणी घालणे कोणालाही खटकेल. अनेक शहरांत आता शुद्ध केलेले सांडपाणी गोल्फच्या मैदानांना दिले जाते आणि तोच मार्ग शहाणपणाचा आहे. 'तुमच्या मैदानाला पाणी कुठून येते?' हा प्रश्न यजमानांना विचारायला संकोच वाटू नये. पाहुण्यांनी पाच-सहा वेळा विचारले, की व्यवस्थापनालाही त्याचे महत्त्व कळते.

दुसरा हिशेब जमिनीचा. देशाच्या महालेखापरीक्षकांच्या 2010-11 च्या अहवालात लष्कराच्या 97 गोल्फ मैदानांचा उल्लेख आला. ही मैदाने संरक्षण खात्याच्या आठ हजारांहून अधिक एकर जमिनीवर होती आणि त्यांच्या वापराबद्दल अहवालाने कडक ताशेरे ओढले. लष्कराच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करावी लागते. शहरे चारी बाजूंनी सिमेंटने भरत असताना छावणीतली झाडे तेवढी उभी राहिली. पण ती सर्वांसाठी खुली नाहीत. छावणीच्या मैदानावर पाऊल ठेवायचे, तर लष्करी यजमान किंवा आगाऊ लेखी परवानगी लागते. ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवे. फाटक, बराकी, वाहने यांची छायाचित्रे काढू नयेत. 'जाऊन पाहू, सोडतील' अशा भरवशावर बाराजणांना घेऊन झाशीला पोचणे म्हणजे सहलीचा विचका ओढवून घेणे. गटात एखादा निवृत्त अधिकारी असेल तर महिनाभर आधी पत्रव्यवहार त्याच्याकडे सोपवावा. परवानगी नाही मिळाली, तर खेळाचा दिवस दिल्लीत धरावा. झाशी-दिल्ली अंतर सुमारे चारशे किलोमीटर आहे आणि वेगवान गाड्या पुष्कळ आहेत. तिथेही क्लबचा सदस्य किंवा पाहुण्यांचे नियम आधी विचारून घ्यावेत.

झोळी वाहणारे हात

गोल्फच्या मैदानावर खेळाडूपेक्षा मैदान अधिक जाणणारा एक माणूस असतो. त्याला 'कॅडी' म्हणतात. खेळाडूची झोळी खांद्यावर वाहायची, चेंडू कुठे पडला ते नजरेने टिपायचे, अंतर सांगायचे, ग्रीनचा उतार कुठे आहे ते सुचवायचे, हे त्याचे काम. बहुतेक कॅडी मैदानाच्या कुंपणापलीकडच्या वस्तीतून येतात. कुंपणाच्या आत चालणारा खेळ त्यांच्या ऐपतीबाहेरचा असतो, पण तो त्यांच्याइतका रोज जवळून कोणी पाहत नाही.

म्हणूनच भारतीय गोल्फचा इतिहास या कॅडींना वगळून सांगता येत नाही. अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवर झोळ्या वाहणारा मुलगा. 1991 साली त्याच मैदानावर त्याने इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. त्याआधी 1965 साली बिल्लू सेठी यांनी हौशी खेळाडू म्हणून ती जिंकली होती. हा योगायोग नव्हता हे दाखवायलाच जणू अली शेरने 1993 साली पुन्हा बाजी मारली. कोलकात्याच्या एसएसपी चौरासिया यांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर गवत राखणारे माळी होते. मुलाने तिथेच, मोठ्यांचे पाहून, उसन्या काठ्यांनी खेळ शिकला. 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने इंडियन ओपन जिंकली आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो देशाकडून खेळला.

सहलीत हे लक्षात ठेवून वागावे. कॅडीला नाव विचारावे आणि नावाने हाक मारावी. 'ए पोऱ्या' म्हणून नव्हे. मैदानाने ठरवलेला दर आधी माहीत करून घ्यावा आणि फेरी संपताच रोख द्यावा. गटाच्या हिशेबात तो 'नंतर बघू' म्हणून ठेवू नये. चहा-नाश्ता मागवताना त्याचाही मागवावा. झोळी वाहायला शाळकरी वयाचा मुलगा दिला, तर नम्रपणे नकार द्यावा आणि मोठा माणूस मागावा. घरातली मुले सोबत असतील तर त्यांना हे सारे दिसत असते. वडील आपल्या कॅडीशी कसे बोलतात, हा धडा मुलांच्या लक्षात गोल्फच्या नियमांपेक्षा जास्त राहतो.

बायकांनी नुसते पाहायचे?

गोल्फच्या जगात बायकांना फाटकाबाहेर ठेवण्याची रीत फार दिवस टिकली. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधला जगप्रसिद्ध रॉयल अँड एन्शंट क्लब 1754 सालचा. त्याने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा ठराव केला तो 2014 साली. म्यूरफील्डच्या क्लबला तर 2017 उजाडावे लागले.

खेळ मात्र बायकांना सहज जमण्यासारखा आहे. पुढे सरकवलेली टी असल्याने अंतराचा फरक भरून निघतो. 'हँडिकॅप' नावाच्या सवलतीमुळे नवखा आणि कसलेला एकाच गटात खेळू शकतात. नवख्याला त्याच्या कुवतीप्रमाणे जादा फटके मिळतात. नवरा-बायको, बाप-लेक बरोबरीने खेळू शकतील असे मैदानी खेळ थोडेच. त्यांत गोल्फ आहे.

बंगळूरच्या अदिती अशोकचे उदाहरण घरोघरी सांगण्यासारखे आहे. तिच्या घरात कोणीच गोल्फ खेळत नव्हते. पाच-सहा वर्षांची असताना आई-वडिलांबरोबर गोल्फच्या मैदानाशेजारी खायला गेली, तिथे खेळणारी माणसे पाहिली आणि काठी हातात घेण्याचा हट्ट धरला. आई-वडिलांनी तो पुरवला. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती खेळली तेव्हा तिची झोळी वडिलांच्या खांद्यावर होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, तीच झोळी आईने वाहिली. तिथे अदिती चौथी आली; पदक अगदी थोडक्यात हुकले. देशभर त्या दिवशी अनेकांनी गोल्फ पहिल्यांदाच लक्ष देऊन पाहिला. सहलीत मुलीने 'मलाही एक फटका मारू दे' म्हटले, तर सराव-पट्ट्यावर एक टोपलीभर चेंडू तिला जरूर घेऊन द्यावेत.

दुपारनंतरची झाशी

गोल्फ पहाटे खेळायचा खेळ. नऊ-दहापर्यंत निम्मी, दुपारी बारापर्यंत सगळी फेरी आटोपते. जेवण आणि वामकुक्षीनंतरचा वेळ सगळ्यांचा. इथे झाशीसारखे गाव सहलीला तारून नेते.

बांगडा टेकडीवरचा किल्ला ओरछाच्या राजा वीरसिंह बुंदेल्याने 1613 साली बांधला. पुढे मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी 1742 नंतर तो वाढवला आणि पायथ्याशी शहर वसवले. ऊन उतरल्यावर, साडेतीन-चारच्या सुमारास वर जावे. कडक बिजली आणि भवानीशंकर या तोफा, गणेश मंदिर, शंकराचे देऊळ आणि राणीने घोड्यासह उडी घेतली असे सांगतात तो बुरूज. 1858 च्या मार्चअखेरीस ह्यू रोजच्या तोफा या तटावर धडधडत होत्या. 4 एप्रिलच्या सुमारास राणी किल्ल्यातून निसटली आणि काल्पीकडे गेली. वरून शहर पाहताना मुलांना हा घटनाक्रम सांगितला, की पाठ्यपुस्तकातला धडा जिवंत होतो.

शहरातले राणी महालाचे घर छोटे, पण तिथल्या दिवाणखान्याच्या छतावरची रंगीत चित्रे पाहण्यासारखी. गावातल्या गणेश मंदिरात 1842 साली मनकर्णिका तांबे गंगाधरराव नेवाळकरांची राणी झाली. मराठी मंडळींनी राखलेले हे देवस्थान. तिथे गणपतीसमोर दूर्वांची जुडी दिसली, की सकाळच्या फेअरवेची आठवण येईल. लक्ष्मी तलावाजवळ गंगाधररावांची छत्री आहे. 1853 साली ते गेल्यावर राणीने ती बांधून घेतली.

मराठी वाचकाने झाशीला जाण्यापूर्वी एक पुस्तक वाचावे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. वेढ्याच्या दिवसांत ते झाशीतच होते. परतल्यावर त्यांनी लिहिलेला वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केला. पैसा मिळवायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला, पण येताना झाशीचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन घेऊन आला.

दुसरा दिवस ओरछासाठी ठेवावा. झाशीपासून अठरा किलोमीटरच्या आसपास, बेतवा नदीच्या काठी. जहांगीर महाल, राजा महाल, चतुर्भुज मंदिर आणि नदीकाठच्या बुंदेला राजांच्या छत्र्या. इथे राम देव म्हणून नव्हे, राजा म्हणून पुजला जातो आणि पोलिस त्याला मानवंदना देतात. जुन्या सरदारी वैभवाचे हे गाव पायी हिंडण्याजोगे आहे. वेळ उरला तर झाशीपासून सुमारे चोवीस किलोमीटरवर बरुआ सागरचा तलाव पाहावा. ओरछाच्या उदितसिंह राजाने अठराव्या शतकात बांधलेला हा जलाशय पाहिला, म्हणजे या प्रदेशात पाण्याची किंमत काय आहे ते न सांगता कळते.

निघण्यापूर्वी

अशा सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत दाट धुके पडते, गाड्या उशिरा धावतात आणि सकाळची पहिली टी पुढे ढकलावी लागते; म्हणून पोचल्याच्या दिवशी खेळ ठेवू नये. मुंबईहून पंजाब मेल आणि पुण्याहून झेलम एक्स्प्रेस झाशीवरून जातात. तिकीट काढताना ध्यानात असू द्यावे, की 2021 च्या अखेरीस स्थानकाचे नाव 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' झाले. काठ्यांच्या झोळ्या डब्यात बाकाखाली मावतात, पण सगळ्यांनी पूर्ण चौदा काठ्या नेण्याची गरज नसते. सात-आठ पुरतात, पाठही वाचते.

गट बाराचा ठेवावा. चौघांचे तीन संच होतात आणि मैदानाची वेळ मिळणे सोपे जाते. गुणांसाठी स्टेबलफोर्ड पद्धत बरी. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या नावाची ही पद्धत 1932 पासून चालत आली आहे. पार गाठला तर दोन गुण, एक फटका जादा लागला तर एक, एक कमी लागला तर तीन. एखाद्या होलवर दहा फटके गेले तरी शून्यावर भागते आणि पुढच्या होलला नव्या दमाने सुरुवात करता येते. नवख्यांचा हिरमोड होत नाही. मैदानाचे शुल्क, कॅडी, भोजन आणि गाड्या यांचा खर्च वेगवेगळा लिहावा. न खेळणाऱ्यांच्या माथी मैदानाचे शुल्क मारले, की परतीच्या गाडीत अबोला ठरलेला.

कपड्यांत कॉलरचा सदरा बहुतेक ठिकाणी सक्तीचा; जीन्स चालत नाही. पायात मऊ तळव्याचे बूट. सोबत टोपी, पाण्याची बाटली, मुलांसाठी खाऊ. खाऊचे कागद मात्र खिशात ठेवून परत आणावेत.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. चार दिवसांच्या सहलीत खेळाच्या सकाळी दोन, फार तर तीन. एक सकाळ घरच्यांची, तिथे काठीला हात लावायचा नाही. ज्या गटांनी हे पाळले नाही, त्यांच्या सहली पुढच्या वर्षी पुरुषांपुरत्याच उरतात आणि त्याही हळूहळू बंद पडतात. ज्यांनी पाळले, त्यांच्या घरी पुढच्या सहलीचा विषय बायको-मुलेच काढतात.